मापवहीतली माया : तसबिरीतल्या बाईपासून रॅम्पवरच्या मुलीपर्यंत

आमच्या अण्णांचे कर्जतच्या बाजारपेठेत शिवणाचे दुकान होते. बायकांची पोलकी, परकर, मुलींचे गणवेश ही मुख्य कामे. बायकांची मापे पुरुषाने घ्यायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती. त्यामुळे मी नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून टेप माझ्या हातात आली. पडद्यामागे मी माप घ्यायची आणि मोठ्याने आकडे सांगायची : छाती, कंबर, उंची, खांदा, मोंढा, बाही, गळा. पडद्याबाहेर अण्णा वहीत लिहायचे. आकडा कितीही असो, अण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. एकदा एका बाईंचे कंबरेचे माप सांगताना मी फिसकन हसले. बाई गेल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "माप हे माप असतं. त्याला हसायचं नसतं आणि त्याची तारीफही करायची नसते."

अण्णांच्या एकवीस मापवह्या माझ्याकडे आहेत. पहिली १९६१ ची, शेवटची १९९९ ची. बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. इतिहास मी वाचनालयातून, रद्दीतून आणि जाणत्या माणसांना विचारून शिकले. पण या वह्या संशोधनाचे साधन आहेत हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि त्याला कारण झाली माझी भाची.

तीन वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, तिला कुर्त्यांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायला बोलावले होते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आज फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांची दाटी आहे. चौक-कर्जत रस्त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला, तेव्हापासून कॅमेरा ही वस्तू इथल्या माणसांना नवी राहिलेली नाही. लग्नाआधीचे फोटो, मालिका, जाहिराती असे रोज कुठे ना कुठे काही चालू असते. भाची सकाळी सहाला गेली आणि दहाला परत आली. चेहरा चांगला आहे, उंची चालेल, पण कंबर दोन इंच जास्त आहे, असे तिला सांगण्यात आले. कपडे आधीच शिवून आणलेले होते आणि ते तिला बसत नव्हते. त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. महिनाभरात भाकरी गेली, मग भातही गेला. माझी आई, म्हणजे तिची आजी, तिच्याकडे बघून म्हणाली, "अगं, हिच्या अंगावर आहेच काय कमी करायला?"

ते दोन इंच कुठून आले, हा या लेखाचा विषय आहे.

कार्ल्याची शिळा, मळवलीचा दगड

कर्जतहून गाडी निघाली की मागून इंजिने जोडून घाट चढते. खंडाळा, लोणावळा गेले की मळवली. बहुतेक लोक इथे कार्ल्याच्या लेण्यांसाठी आणि एकवीरेच्या दर्शनासाठी उतरतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांची मिथुनशिल्पे आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. या स्त्रियांचे नितंब रुंद, मांड्या भरीव, दंड गोल आणि पाय भक्कम आहेत. आमच्याच तालुक्यातली कोंडाणे लेणी त्याहून जुनी. तिथल्या दर्शनी भागावरच्या नाचणाऱ्या आकृती झिजल्या आहेत, तरी त्यांच्या अंगाचा भरीवपणा ओळखू येतो. बारीक कंबर आपल्या कवींना पूर्वापार आवडत आली आहे हे खरे. 'शेलाटी' हा मराठीत कौतुकाचाच शब्द आहे. पण कंबर बारीक हवी, तर तिच्या वर आणि खाली भरगच्चपणा हवा, अशी ती कल्पना होती. सगळेच अंग बारीक असावे, असे ना शिल्पकार म्हणत होता, ना शाहीर.

या कार्ल्याच्या पायथ्याशी, मळवलीला, राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू झाला. पुढे प्लेगच्या दिवसांत, १८९९ च्या सुमारास, तो मळवलीला आला आणि काही काळाने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ मध्ये आग लागून त्याचा शेवट झाला. शिळाप्रेसचे तंत्र असे की प्रत्येक रंगासाठी दगडावर वेगळे चित्र काढायचे आणि एकाच कागदावर ते एकामागून एक उमटवायचे. अशा रीतीने लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती, मोहिनी घराघरांत पोहोचल्या. त्यापूर्वी गावोगावच्या देवीचे रूप वेगवेगळे होते. कुठे तांदळा, कुठे मुखवटा, कुठे नुसता शेंदूर. एकच चेहरा आणि एकच बांधा हजारो भिंतींवर एकाच वेळी दिसू लागला, तो या छापखान्यांमुळे.

रविवर्म्याच्या या स्त्रियांचा चेहरा गोल आहे, दंड भरलेले आहेत, आणि साडीच्या चुण्यांखाली पोटाची गोलाई लपवलेली नाही. त्या काळाकडे पाहिले की कारण समजते. १८९६ ते १९०० या पाच वर्षांत या मुलखाने दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग पाहिला. अशा काळात भरलेले अंग म्हणजे भरलेली कणगी. लक्ष्मी हाडकुळी दाखवली असती, तर तिला लक्ष्मी कोणी म्हटले असते?

'मॉडेल' या शब्दाचे दोन अर्थ

या चित्रांसाठी खऱ्या बायका चित्रकारासमोर बसत होत्या. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचे सौंदर्य तरुणपणी इतके गाजले होते, की रविवर्मा आणि महादेव विश्वनाथ धुरंधर या दोघांच्याही चित्रांमागे त्यांचे रूप असल्याचे सांगितले जाते. याच अंजनीबाईंना १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. म्हणजे आपल्याकडच्या एका आद्य 'मॉडेल'चे नाव इतिहासात राहिले ते गळ्यामुळे.

मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुखपदी आले आणि त्यांनी जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून चित्र काढण्याचा वर्ग सुरू केला. तेव्हापासून आजवर तिथे कितीतरी कष्टकरी बायका रोजंदारीवर तासन्‌तास बसत आल्या आहेत. रवी जाधव यांचा 'न्यूड' (२०१८) हा मराठी चित्रपट अशाच एका बाईची कथा सांगतो. या बायकांपैकी कोणाला 'तुझी कंबर दोन इंच जास्त आहे' म्हणून परत पाठवल्याचे मी कधी ऐकले नाही. विद्यार्थ्याला तर वेगवेगळी शरीरे हवीच असतात. सुरकुतलेले पोट, सुटलेला दंड, उंचावलेली हाडे, हे सगळे त्याच्या अभ्यासाचे विषय. इथे बाईचे शरीर आधी असते आणि चित्र त्याच्या मागून येते.

कॅटलॉगच्या किंवा रॅम्पच्या मॉडेलचे उलटे असते. कपडा आधी शिवलेला असतो आणि त्यात बसेल असे शरीर मागून शोधले जाते. शब्द एकच, कामे अगदी परस्परविरोधी. माझी भाची या दुसऱ्या अर्थाच्या दारात अडकली होती.

रंगभूमी, साबण आणि कॅलेंडर

मराठी मुलखात स्त्रीने कसे दिसावे याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा आदर्श एक पुरुष होता, हे विसरून चालणार नाही. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७). 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९) या नाटकांतली त्यांची साडी नेसण्याची ढब, नथ, केसांतली फुले यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत. पुढे वयाबरोबर त्यांचे अंग चांगलेच सुटले. तरी पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करत होते आणि प्रेक्षक डोळे मिटून का होईना, दाद देत होते. शरीराच्या आकाराने भूमिका हिरावून घेतली जावी, असा तो काळ नव्हता. अर्थात ही सवलत एका पुरुषाला मिळाली, हेही नोंदवले पाहिजे.

१९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. या साबणाच्या जाहिरातीत झळकलेली ती पहिली भारतीय तारका. पदवीधर, मराठी, मुले असलेली स्त्री. त्या काळातल्या साबण-स्नोच्या जाहिराती पाहिल्या की लक्षात येते, की विकली जात होती ती कांती. गोरेपणाचा हव्यास होताच आणि तो काही कमी क्रूर नव्हता. पण इंचांची भाषा अजून सुरू झाली नव्हती. उलट, किरकोळ अंग हाच दोष होता. नूतन (समर्थ) पुढे एवढी मोठी अभिनेत्री झाली, पण किशोरवयात ती फार बारीक आहे म्हणून तिच्या रूपाविषयी शंका घेतल्या जात होत्या. आमच्या दुकानातही सत्तरच्या दशकात लग्नाळू मुलींच्या आया अण्णांना सांगायच्या, "जरा भरल्या अंगाची दिसेल असं शिवा हो." अण्णा मग बाहीला चुण्या घालायचे.

याच दशकांत दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोन गोमंतकीय चित्रकारांनी मराठी घराच्या भिंती आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे काबीज केली. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. मुखपृष्ठावर सुंदर स्त्री, हातात निरांजन किंवा पणती, ही प्रथा मात्र रुजली ती या दोघांच्या हातून. दलालांचा स्वतःचा 'दीपावली' अंक १९४५ पासून निघू लागला. तुम्ही आत्ता हातात धरला आहे तशा अंकांची वाढ या तसबिरींच्या उजेडातच झाली आहे. दलालांच्या बायका रविवर्म्याच्या बायकांपेक्षा सडपातळ आहेत, मान लांब आहे, रेषा वाहती आहे. मुळगावकरांच्या तुकतुकीत देवी पुन्हा गोलाईकडे जातात. पण दोघांकडेही मापात बसवलेली बाई नाही. साडी हे मुळात मापाचे वस्त्रच नव्हे. नऊ वार काय, पाच वार काय, ती नेसणारीच्या अंगाप्रमाणे घडते. सासूची साडी सून नेसते आणि बाळंतपणानंतरही तीच साडी होते. बदलावे लागते ते फक्त पोलके, आणि त्यासाठी शिंपी असतो.

१९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' आले. भिंतीवर तिथी, सण आणि मागच्या पानावर पाककृती आल्या. चित्रांची कॅलेंडरे हळूहळू उतरली. भिंतीवरची बाई गेली, तिची जागा पुढे दूरदर्शनने घेतली.

इंचांचा प्रवेश

'फेमिना' मासिक १९५९ मध्ये सुरू झाले आणि १९६४ पासून त्याची मिस इंडिया स्पर्धा भरू लागली. १९६६ मध्ये रीटा फारिया ही मुंबईची, मूळ गोव्याच्या कुटुंबातली, वैद्यकीय विद्यार्थिनी मिस वर्ल्ड झाली. वर्षभरात ती झगमगाट सोडून अभ्यासाकडे परतली आणि डॉक्टर झाली. १९९२ मध्ये मधू सप्रे ही मराठी मुलगी बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी आली. ती मुळात खेळाडू. सत्ता हाती आली तर काय कराल, या प्रश्नाला तिने खेळासाठी सोयी उभारीन असे उत्तर दिले, आणि त्यामुळेच मुकुट हुकला असे आजही बोलले जाते. तिचे खांदे रुंद होते, अंग कसलेले होते. १९९५ मधली तिची आणि मिलिंद सोमण यांची बुटांची जाहिरात गाजली, खटला झाला, आणि तो २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. त्या वादात शरीर उघडे होते की झाकलेले, एवढीच चर्चा झाली. व्यायामाने घडलेले स्त्रीचे शरीर मराठी घरांनी प्रथमच इतक्या ठळकपणे पाहिले, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या. बाजार खुला होऊन तीनच वर्षे झाली होती. परदेशी प्रसाधने, तयार कपडे, उपग्रह वाहिन्या एकाच वेळी आल्या. आमच्या मापवह्यांत हा बदल दिसतो. १९९५ नंतर शेऱ्याच्या रकान्यात 'टाईट फिटिंग' हे शब्द वारंवार येतात आणि पंजाबी ड्रेसची मापे पोलक्यांना मागे टाकतात. शेवटच्या दोन वह्यांत गिऱ्हाईकच कमी. लोक एस, एम, एल या अक्षरांकडे वळले होते.

ही अक्षरे आणि माझ्या भाचीचे दोन इंच यांचा थेट संबंध आहे. तयार कपड्याच्या धंद्यात आधी एकच नमुना शिवतात. तोच नमुना रॅम्पवर जातो, मासिकाच्या फोटोसाठी जातो, खरेदीदारांना दाखवला जातो. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा नमुना शिवणे परवडत नाही, म्हणून सगळ्या मॉडेल एका मापाच्या लागतात. ते माप जितके लहान आणि मुलगी जितकी उंच, तितका कपडा हँगरवर लटकल्यासारखा सरळ पडतो. सौंदर्यशास्त्राचा यात भाग थोडा, खर्चाच्या हिशेबाचा जास्त. धंद्याच्या सोयीला पुढे सौंदर्याचे नाव मिळाले आणि मग घराघरांतल्या मुली स्वतःला त्या नमुन्याशी ताडून पाहू लागल्या.

याची किंमत जगाने मोजली आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुईसेल रामोस आणि नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन या विशीतल्या दोन मॉडेलचे मृत्यू झाले. अति कमी खाणे हे त्यामागचे कारण मानले गेले. रामोसच्या मृत्यूनंतर त्याच सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेलना मज्जाव केला. १७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला हे प्रमाण साधारण ५५ किलो पडते. फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलसाठी वैद्यकीय दाखला सक्तीचा केला आणि आकार बदललेल्या जाहिरातींच्या छायाचित्रांवर तसे छापायला लावले. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ मध्ये मोठ्या मापाच्या कपड्यांचा स्वतंत्र शो झाला. दार किलकिले झाले, एवढे म्हणता येईल.

एकाच तालुक्यातल्या दोन टेप

बारीक म्हणजे निरोगी, हा समजही तपासून घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बालकांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी पण चरबीच्या प्रमाणाने जास्त असतात, असे त्यातून दिसले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यूडकिन यांचे शेजारीशेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे नुसत्या नजरेने किंवा एका आकड्याने शरीराचा निवाडा करणे, विशेषतः आपल्या लोकांत, किती फसवे आहे ते बघा.

आता दुसरी टेप. कर्जत आणि खालापूरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत अंगणवाडीताईंकडे एक रंगीत पट्टी असते. ती मुलाच्या दंडाभोवती गुंडाळतात. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आले की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. कडाव-कशेळ्याच्या पुढे मी एका अंगणवाडीत बसले होते. एका आईने पट्टी हिरव्यावर आल्याचे पाहून मुलाचा मुका घेतला. तिथून निघून मुख्य रस्त्याला लागले तर एका रिसॉर्टच्या फाटकावर कसल्याशा शूटिंगचा फलक होता. इथे एक मुलगी इंच कमी करण्यासाठी उपाशी राहते, आणि सात-आठ मैलांवर एक आई दंडावर अर्धा सेंटिमीटर वाढावा म्हणून नवस बोलते. दुष्काळाच्या काळात भरलेले अंग दुर्मीळ होते म्हणून ते सुंदर ठरले. ज्यांच्या घरी अन्नाची ददात उरली नाही, त्यांच्यात बारीक अंग दुर्मीळ झाले आणि आता ते सुंदर ठरले आहे. सौंदर्याची फूटपट्टी नेहमी त्या काळात जे मिळायला अवघड, त्याच्याकडे सरकते.

इथे माझ्या साधनाची मर्यादाही सांगते. अण्णांच्या एकवीस वह्यांत ठाकूर आणि कातकरी बायका जवळजवळ नाहीत. त्या आमच्या दुकानात येत नसत. म्हणजे माझी वहीसुद्धा पोट भरलेल्यांचाच इतिहास सांगते.

माया

शिवणकामात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, ती माया. अण्णांच्या जुन्या वह्यांत प्रत्येक पोलक्यापुढे 'माया दीड' किंवा 'माया सव्वा' असे लिहिलेले असे. बाईचे अंग बदलणार, हे शिंप्याने गृहीत धरलेले असे. लग्न होईल, दिवस राहतील, आजारपण येईल, वय वाढेल. तेव्हा टीप उसवून तेच पोलके सैल करता यावे. शेवटच्या वह्यांत 'माया अर्धा' दिसते, आणि तयार कपड्यात तर ती जवळपास नसतेच. अंग वाढले की कपडा टाकायचा, नाहीतर अंग कमी करायचे.

भाचीला मी या वह्या दाखवल्या. त्यात तिच्या आजीचे एक पान होते. १९६४ मध्ये आजी वीस वर्षांची असतानाची कंबर, आणि पुढच्या तीस वर्षांत सहा वेळा बदललेले आकडे. भाचीने स्वतःची कंबर मोजली आणि ताडून पाहिली. तिची कंबर आजीच्या विशीतल्या कंबरेपेक्षा एक इंच कमी निघाली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मग आजी तेव्हा जाडी होती?" आई आतून ओरडली, "मी सुंदर होते गं!"

भाची आता पुन्हा रात्री जेवते. दोन घास कमीच जेवते, ते मी पाहते आणि बोलत नाही. मॉडेलिंगचा नाद तिने सोडलेला नाही, आणि सोडावा असे माझेही म्हणणे नाही. पण मागच्या महिन्यात तिने अण्णांचे जुने शिलाई मशीन तेल घालून चालू केले आणि स्वतःसाठी एक कुर्ता शिवला. मी उलटा करून पाहिला. आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली होती.